न झाडलेला कोपरा

यातीच्या गावात पानगळ म्हणजे उन्हाळा. फेब्रुवारी लागला की रबराची झाडं आठ-दहा दिवसांत तांबडी होत, मग एके दिवशी वारा सुटे आणि सगळा डोंगरउतार उघडाबोडका होऊन जाई. सावली नाही, चीक नाही, म्हणून कामही नाही. पुरुष खांबांवर उभ्या घरांखालच्या लाकडी माचांवर बसून टोपीनं वारा घेत आणि एकमेकांची उणीदुणी काढत. पायाखाली वाळकी पानं अशी करकरत की साप निघाला तरी आधी त्याचा आवाज येई. कुणाच्या विडीची ठिणगी पडून वणवा लागू नये म्हणून बायका बुंध्यांभोवती, घरांभोवती झाडून जमीन मोकळी ठेवत. जगात कुठं पानं थंडीनं गळतात असं त्या वेळी कुणी यातीला सांगितलं असतं, तर ती हसली असती.

आता तिची स्वतःची मुलगी दुपारी झोपते, घर गप्प होतं, आणि त्या गावाचा वास तिला अचानक येतो. आंबलेल्या चिकाचा, ओल्या लाकडाचा, धुराचा. परक्याला नाक धरायला लावणारा तो वास तिला मात्र उशाशी हवा असतो. अशा वेळी तिला लहानपण नाही, शाळेचं शेवटचं वर्षच आठवतं. ऑक्टोबरातले ते तीन आठवडे.

पाऊस हटत नव्हता. झाडाचा बुंधा ओला असला की काप देता येत नाही, चीक वाटीत न पडता सालीवर पसरून वाया जातो. तीन दिवस पाऊस, एक दिवस उघडीप, असं चाललेलं. त्या एका कोरड्या सकाळी मक घाईनं उतारावर गेली आणि शेवाळावरून घसरली. आईला याती मक म्हणे, गावातली सगळीच मुलं आपापल्या आईला तसंच म्हणत. उजवा हात खाली आला. घरी आली तेव्हा मनगट वांग्यासारखं सुजलेलं, पण डाव्या हातात चिकाची बादली होती, आणि ती अर्धी भरलेली होती.

हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं तेल चोळलं, बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि सांगितलं, "महिनाभर सुरी धरायची नाही."

"महिना?" मक म्हणाली. "झाडं काय महिनाभर डोळे मिटून बसणारेत?"

झाडं मकची नव्हती. हाजी दोलाहची होती, चारशे. चिकाचा अर्धा वाटा त्याचा, अर्धा मकचा. हाजी दोलाह वाईट माणूस नव्हता. तो दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून आला, हाताकडे बघून हळहळला, केळ्यांचा एक फणा ठेवला आणि जाताना म्हणाला, "पाऊस असला तर राहू दे, सलमा. पण कोरडी सकाळ फुकट जाता कामा नये. माझा पुतण्या रिकामाच आहे, तो विचारत होता."

तो गेल्यावर मकनं केळ्यांना हात लावला नाही. तिथंच राहून केळी काळी पडली.

यातीची अभ्यासाची सुट्टी त्याच सोमवारी सुरू झाली होती. परीक्षेला तीन आठवडे. बाकीच्या विषयांचं तिला भय नव्हतं. भय होतं ते इंग्रजीचं, आणि त्यातही त्या साहित्याच्या भागाचं. सराव परीक्षेनंतर चेगू मर्यमनं तिला वर्गाबाहेर बोलावलं होतं. शिक्षकाला तिथं चेगू म्हणतात, मग ती बाई असो की बुवा.

"शिक्षक-विद्यालयाचा अर्ज भरलायस ना?"

"हो, चेगू."

"इंग्रजीत चांगली श्रेणी नसली तर तो अर्ज कुणी उघडूनही बघणार नाही. आणि तुझे गुण जातात ते गोष्टीच्या प्रश्नात. विचारलेलं सोडून तू गोष्टच परत सांगत बसतेस."

"पण गोष्टच तर विचारलेली असते, चेगू."

चेगू मर्यमनं चष्मा काढून पुसला. हसू लपवायचं असलं की ती चष्मा पुसे.

श्रेणी नाही मिळाली तर काय, हे यातीला कुणी सांगायला नको होतं. स्वयंपाकघराच्या कुडाला मकची सुरी अडकवलेली होती, आणि तिच्या शेजारी एक खिळा रिकामा होता.

*

पहिल्या कोरड्या सकाळी सुरी यातीनंच उतरवली. मक दारात उभी राहून म्हणाली, "पुस्तक घे जा." याती म्हणाली, "दुपारी." एवढंच बोलणं झालं.

लहानपणापासून ती मकच्या मागं हिंडली होती, वाट्या पुसत, पडलेला चीक गोळा करत. काप देणं वेगळं. जुन्या कापाच्या कडेनं साल इतकीच काढायची की खाली लाकडाला लागू नये, लागलं तर झाडाला गाठ येते आणि ती जन्मभर दिसते. पहिल्या पन्नास झाडांत तिनं सात जखमी केली. शंभराव्यापर्यंत खांदा भरून आला. पण सुरी सालीतून सरकली की सालीखालून पांढरा ठिपका वर येई, दुसरा येई, मग सगळे मिळून एक रेघ होई आणि ती रेघ चालायला लागे. हे बघायला तिला त्या दमातही आवडलं.

शेवटचं झाड ओढ्याच्या काठी होतं. त्याला मक कधी काप देत नसे. वाटीची तारही गंजून सालीत रुतली होती. बुंध्यावर एक जुना काप होता, तोही अर्धाच. डावीकडून सुरू होऊन मध्येच थांबलेला. याती लहान असताना विचारी, तेव्हा मक म्हणे, "वांझ आहे ते." आज याती त्याच्यापुढं थांबली. बादलीत उरलेली एक वाटी होती. बघू तरी, म्हणून तिनं काप दिला.

चीक धावतच आला. नऊ-दहा वर्षं विसावलेलं झाड ते. परतीच्या फेरीत ती तिथं पोचली तेव्हा वाटी काठोकाठ भरून खाली सांडत होती.

"मक!" घरी पोचायच्या आधीच ती ओरडली. "ते ओढ्याचं वांझ झाड नाहीच गं! सगळ्यांत जास्त चीक त्याचाच. तू उगीच सोडलं होतंस इतकी वर्षं."

मक डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. हात थांबला. सुपातल्या एका खड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"गोठवायचं आम्ल मोजून घाल चिकात," ती म्हणाली. "जास्त पडलं की रबराची शीट चिरते."

यातीला वाटलं, हात दुखत असेल.

*

चेगू मर्यमनं मुलांचे गट पाडले होते, घरं जवळ असतील तसे. प्रत्येक गटाला एक कागद. त्यावर आठ शब्द: स्थळकाळ, कथानक, पात्र, संघर्ष, निवेदक, आशय, प्रतीक, शेवट. पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीत हे आठ कुठं कुठं आहेत ते बसून बोला, भांडा, मग लिहा आणि सुट्टी असली तरी गुरुवारी शाळेत आणून दाखवा.

यातीच्या गटात आणखी दोघी होत्या. एक जियाह, चार घरं पलीकडची. तिचं तोंड एकदा सुरू झालं की बंद करायला तिच्या आईला हाक मारावी लागे. दुसरी स्वी लान, गावातली रबराची शीट विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याची मुलगी. ती लाल स्कूटरवरून येई, पिशवीत विटेएवढा शब्दकोश घेऊन. तिला व्याकरण सगळं येई आणि गोष्टी मुळीच आवडत नसत.

दुपारी दोन वाजता तिघी माचावर बसत. वर घर, खाली माच, एका बाजूला शीट दाबायचा चरक. उकडलेला कंद आणि खवलेलं खोबरं मध्ये, कोरा चहा. पाऊस आला तरी घराखाली माच कोरडाच राही. यातीच्या बोटांना चिकाचा काळा थर. ती पान उलटी आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा उमटे.

"माझं पुस्तक नको घेऊस गं बाई," स्वी लान म्हणाली. "पोलीस तुला पकडतील त्यावरून."

गोष्ट छोटीच होती. मिस्टर ऑल्डन नावाचा एक म्हातारा. एकटा राहतो. झाडांची पानं गळायला लागलीयत आणि तो रोज अंगण झाडतो. सगळं झाडतो, भिंतीजवळचा एक कोपरा तेवढा सोडतो. तिथं पानांचा ढीग वाढत जातो. गल्लीतले लोक नावं ठेवतात. शेवटी एक नवी शेजारीण, भली बाई, म्हातारा बाजारात गेलेला असताना तो कोपरा झाडून लख्ख करते. म्हातारा परत येतो, बघतो, पायरीवर बसतो. गोष्ट संपते.

"ही काय गोष्ट?" जियाह म्हणाली. "माझी आजी रोज अंगण झाडते. तिच्यावर कुणी पुस्तक नाही लिहिलं."

"स्थळकाळ," स्वी लाननं कागदावर बोट ठेवलं. "आधी ते. चला."

"पानगळ आहे," याती म्हणाली. "म्हणजे ऐन उन्हाळा. फेब्रुवारी-मार्च."

"बरोबर. आमच्याकडे त्या दिवसांत गोदाम रिकामं आणि बाबा दिवसभर फणफणलेले. लिही, कडक उन्हाळा."

"म्हणूनच म्हातारा घरी आहे," जियाहलाही आता हुरूप आला. "काम नाही ना. झाडं चीक देत नाहीत."

यातीचं बोट एका ओळीवर अडलं. "पण मग त्यानं गळ्याला गळपट्टा का गुंडाळलाय?"

तिघींनी ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हातारा आहे," जियाहनं निकाल दिला. "माझे आजोबा भर दुपारी दोन गंज्या घालून बसतात. काही बोललं की म्हणतात, तुम्हाला काय कळतंय."

"आणि सगळ्या घरांवरून धूर निघतोय?"

"पानं जाळतायत. पुढं बघ, जळणाचा वासही आहे."

इतकं सगळं चपखल बसलं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. यातीनं लिहून काढलं: गोष्ट रखरखीत उन्हाळ्यात घडते. म्हातारा आगीच्या भीतीनं झाडतो. संघर्ष माणसाचा आणि उन्हाचा. प्रतीक म्हणजे एक वस्तू जी दुसऱ्या कशाच्या जागी उभी असते, असं स्वी लाननं शब्दकोशातून वाचून दाखवलं. मग पानं हे आगीचं प्रतीक.

"आणि तो कोपरा?" स्वी लाननं विचारलं.

"कंटाळला असेल," जियाह म्हणाली. "कंबर धरली असेल. तेवढं सोडून दे."

चरकाच्या पलीकडे मक पाटावर बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. मुली इंग्रजी वाक्य वाचून आपल्या भाषेत बोलत, तेवढं ती ऐके.

"कोपरा झाडल्यावर म्हातारा काय बोलला?" तिनं तिकडूनच विचारलं.

"काहीच नाही, मकचिक," स्वी लान म्हणाली. मैत्रिणीच्या आईला मकचिक म्हणायचं, मावशीसारखं. "पायरीवर बसला फक्त."

"हं," मक म्हणाली. "काय बोलणार."

आणि ती उठून चुलीकडे गेली. यातीनं तेव्हा वर पाहिलंसुद्धा नाही. सहावं उत्तर अर्धं राहिलं होतं.

*

गुरुवारी चेगू मर्यमनं त्यांचाच कागद मोठ्यानं वाचला. सुरुवातीला वर्ग शांत होता. 'रखरखीत उन्हाळा' आला तशी मागच्या बाकावरची, शाळेजवळच्या मोठ्या गावातली मुलं खुसखुसायला लागली, त्यांनी घरी चित्रवाहिनीवर परदेशचे सिनेमे पाहिलेले. 'म्हातारा आहे म्हणून गळपट्टा घालतो' इथं सगळा वर्ग फुटला. कुणीतरी वही घेऊन वारा घालायला लागलं, "चेगू, फार उकडतंय, मला गळपट्टा द्या!"

यातीचे कान तापले. तिनं हात बाकाखाली घेतले. काळी बोटं उगीच सगळ्यांना दिसतायत असं तिला वाटलं.

"पुरे," चेगू मर्यम म्हणाली. आवाज चढला नाही, पण वारा घालणारी वही खाली आली. "मी दोन वर्षं होते या गोष्टीतल्या मुलखात. तिथं थंडी यायला लागली की पानं गळतात. धूर घर उबवण्याच्या शेगडीचा. बोलताना तोंडातून वाफ निघते. मला काही हे जन्मतः ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी मीही शेजाऱ्यांना विचारलं होतं, पानं पडतायत आणि तुम्ही पंखे का लावत नाही?"

वर्ग पुन्हा हसला, पण आता दुसऱ्या बाजूनं.

"तरीही," तिनं कागद यातीपुढं ठेवला, "परीक्षक तुमची रबराची झाडं बघायला येणार नाही. स्थळ चुकलं, ऋतू चुकला, म्हणून संघर्ष चुकला, म्हणून प्रतीकही चुकलं. आठांतले चार गेले. आणि कोपऱ्याबद्दल एक ओळ नाही! ती गोष्टच कोपऱ्याची आहे, पोरी."

बसमधून परत येताना याती खिडकीला टेकून बसली होती. बाहेर हिरवीगार झाडं ओली होऊन उभी होती. थंडीनं पानं गळतात. तिनं ते मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. जमेना.

"रडतेयस?" जियाहनं विचारलं.

"नाही."

"मग मी रडते. चार गुण माझेही गेलेत."

त्या दुपारी पुन्हा माच. स्वी लान आली तीच बर्फाचा एक तुकडा घेऊन, तिच्या बाबांच्या गोदामाशेजारच्या मासेवाल्याकडून, प्लास्टिकच्या पिशवीत. मासळीचा वास मारत होता. "धरा मुठीत," ती म्हणाली. "आळीपाळीनं. त्याशिवाय आज गोष्ट उघडायची नाही." याती मूठ मिटून बसली. आधी गार, मग दुखरं, मग बोटं आहेत की नाहीत कळेना. "अशा हातानं तो झाडत होता," ती म्हणाली. "रोज. कामधंदा नाही म्हणून नाही."

"मग आता कोपरा," स्वी लान म्हणाली. "तिथं फांदीला दोरीचा घट्टा पडलाय असं लिहिलंय. दोरी कशाची?"

"झोपाळ्याची," याती म्हणाली. "मूल होतं. ते गेलं कुठंतरी, दूर. त्या कोपऱ्यात त्याचे पाय घसटत असतील. ढीग केला की मूल त्यात उडी मारत असेल."

"म्हणून झाडत नाही?"

"झाडलं तर..." यातीनं बर्फ दुसऱ्या मुठीत घेतला.

"अगं, तुझ्या मकच्या झाडासारखं," जियाह सहज बोलून गेली. तोंडात कंद होता.

"कुठल्या झाडासारखं?"

जियाहचं चघळणं थांबलं. तिनं चरकाकडे पाहिलं; मक तिथं नव्हती, ओढ्यावर कपडे घेऊन गेली होती. "ओढ्याचं. तुला ठाऊक नाही? माझी आई सांगते ना. तुझे बाबा दक्षिणेला कामाला गेले त्या सकाळी शेवटचा काप त्याच झाडाला देत होते. अर्धाच झाला आणि बसचा भोंगा वाजला. म्हणाले, आल्यावर पुरा करतो. मग ते..." ती थांबली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे गं. मला वाटलं, तुलाही."

बाबा गेले तेव्हा याती आठ वर्षांची होती. पहिल्या वर्षी तीन पत्रं आली, दुसऱ्या वर्षी एक, पुढं एकही नाही. तिच्या मुठीतल्या बर्फाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि टपटप कागदावर पडलं.

"मी कापलं ते," ती म्हणाली. "आणि वर ओरडत आले."

स्वी लाननं शब्दकोश मिटला. त्या दिवशी त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी ओढ्याच्या झाडाची वाटी यातीनं काढून घेतली. काठावरचा चिखल घेऊन आपल्या कापावर लिंपला, गाईच्या जखमेवर लिंपतात तसा. बाबांच्या अर्ध्या कापाखाली तिचा सबंध काप चांगला वीतभर दिसत होता. चिखलानं तो काही झाकला गेला नाही.

मकला तिनं काही विचारलं नाही. 

*

परीक्षेच्या आधी पाच दिवस सलग पाऊस लागला. इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी ढग पांगले. हाजी दोलाहची मोटरसायकल फाटकाशी थांबली. "उद्या कोरडं दिसतंय," तो गाडीवरूनच म्हणाला आणि गेला.

उजाडताना याती गणवेश न घालता जुना सारोंग गुंडाळून स्वयंपाकघरात आली. पेपर आठला. शंभर झाडं तरी होतील, तिनं हिशेब केला होता. खिळ्यावर सुरी नव्हती.

मक पायरीवर बसून बूट चढवत होती. सुरी तिच्या डाव्या हातात.

"मक, हात..."

"डावा आहे की."

"काप डावीकडून उतरतो. डाव्या हातानं कसा देशील? उलटं वाकावं लागेल."

"मग वाकेन. तुझ्या जन्माआधीपासून वाकतेय." बुटाची नाडी तिनं दातानं ओढली. "भात झाकून ठेवलाय. अंडंही आहे. आणि ती बोटं घास जरा, लिंबू लावून. परक्या माणसासमोर कागद जाणार."

"हाजी दोलाह काही..."

"हाजी दोलाहला मी बघते. तू तुझ्या म्हाताऱ्याला बघ."

ती उतारावर निघाली. बांधलेला हात पोटाशी धरलेला, दुसऱ्यात सुरी. लांबून ती कुणी दुसरीच, वाकडी बाई वाटत होती. याती लिंबू घासत राहिली. बोटं चुरचुरली पण काळी ती काळीच.

पेपरात गोष्टीवर एकच प्रश्न होता. गोष्टीतल्या एका पात्राची अशी एक कृती घ्या जी इतरांना विचित्र वाटते, आणि ते पात्र ती का करतं ते गोष्टीच्या आधारे लिहा.

यातीनं आधी आठ शब्द कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिले. मग थंडी लिहिली. धूर, गळपट्टा, सुन्न पडलेली बोटं. मासळीचा वास तिच्या नाकात भरला होता, तो वगळून बाकी सगळं लिहिलं. मग ती कोपऱ्यापाशी आली. दोरीचा घट्टा. उडी मारणारं मूल. तिनं लिहिलं की पानं नुसती पानं नाहीत, आणि तो कोपरा म्हणजे म्हाताऱ्यानं उघडं ठेवलेलं दार आहे. लिहिलं की शेजारीण वाईट नव्हती, तिला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसताना केलेल्या चांगल्या कामाला रागावता येत नाही, म्हणून म्हातारा नुसता बसतो. ओढ्याच्या झाडाचा एक शब्दही तिनं लिहिला नाही. तो त्या कागदासाठी नव्हता.

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तिच्या ओळीला नेमका पूर्णविराम पडला. पानाच्या कोपऱ्यावर अंगठा उमटलाच होता.

घरी कुणी नव्हतं. गणवेशातच ती उतारावर गेली. झाडांवर काप वेडेवाकडे होते, कुठं खोल, कुठं नुसते खरवडल्यासारखे, पण वाट्या भरलेल्या होत्या. तिनं मोजल्या नाहीत. बरीच झाडं तशीच राहिली होती, आणि तरी बऱ्याच झाडांखाली पांढरं दिसत होतं.

मक ओढ्याकाठी बसली होती, शेवटच्या झाडाला पाठ टेकून. झाडाला नवी तार होती आणि वाटी होती. जुना अर्धा काप आता अर्धा नव्हता. जिथं तो नऊ वर्षं थांबला होता तिथून पुढं एक थरथरती, उलट्या हाताची रेघ बुंध्याच्या उजव्या कडेपर्यंत गेली होती, आणि तिच्यावरून चीक खाली येत होता.

 याती तिच्या शेजारी ओल्या पाल्यावर बसली.

"गणवेश," मक म्हणाली.

"असू दे."

"पेपर?"

"कोपराच आला."

"मग?"

"लिहिला."

मकनं सुरीचं पातं सारोंगाला पुसलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या. "चीक देतंय झाड," ती म्हणाली. "तूच सांगत आलीस ना ओरडत. मग घ्यायला नको?"

वाटी भरत आली होती. दोघी ती भरेपर्यंत तिथंच बसल्या. मग यातीनं बादली उचलली.

*

निकाल मार्चात लागला, भर पानगळीत. चेगू मर्यमनं श्रेणीचा कागद हातात दिला आणि लगेच चष्मा काढून पुसायला लागली. जियाह पास झाली आणि वर्षाच्या आत लग्न करून मोकळी झाली. स्वी लान हिशेब शिकायला उत्तरेच्या शहरात गेली. शब्दकोश यातीला देऊन गेली, आणि पुढं कितीतरी वर्षं त्यातल्या काही पानांना मासळीचा वास येत राहिला, निदान यातीला तरी तो येई. हाजी दोलाहचा पुतण्या कुठंतरी वाहनचालक झाला. झाडं मककडेच राहिली.

जूनमध्ये याती शिक्षक-विद्यालयात गेली. बस आली तेव्हा मकचा हात बरा झाला होता, थोडा वाकडा राहून. तिनं तो वर केला नाही. डबा खिडकीतून आत दिला आणि म्हणाली, "कंद आहे. दुपारच्या आत खा, नाहीतर आंबेल." बसनं भोंगा दिला.

ती पहिली सुट्टी मिळून घरी आली तेव्हा पुन्हा फेब्रुवारी होता. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, सगळा उतार उघडाबोडका. पिशवी खांद्यावर घेऊन याती फाटकातून आत आली. अंगण लख्ख झाडलेलं होतं, खराट्याच्या रेघा जमिनीवर उमटलेल्या. बुंध्यांभोवती झाडलेलं, चरकाभोवती झाडलेलं, घराचे सगळे खांब मोकळे. फक्त माचाच्या पुढच्या बाजूला, जिथं ती पाय सोडून बसे, तिथं गुडघाभर तांबडी पानं साचली होती.

मक पायरीवर आली. डोक्यावरच्या रुमालानं घाम पुसला. मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, वाळलीस म्हणायचं असावं, ते गिळलं.

"मक," याती म्हणाली, "हा कोपरा राहिला की गं."

"राहू दे," मक म्हणाली. "हात दुखतो."

यातीनं पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या, माचावर बसली, आणि पाय हळूच त्या पानांत सोडले.